बीडीएसला नंबर लागेल का? आपला अंदाज आपणच काढूया



नीटचा निकाल लागला की आमच्यासारख्या प्राथमिक शिक्षकांनाही फोन येऊ लागतात. चौथीत शिकवलेली पोरं आता बारावीला असतात आणि आई-वडिलांना विचारायला जवळचं माणूस म्हणजे शाळेतले गुरुजी. प्रश्न बहुतेक एकच असतो, "गुरुजी, पोरीला चारशे पडलेत, डेंटलला नंबर लागंल का?"

या प्रश्नाचं उत्तर फोनवर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. पण ते शोधायची एक सरळ रीत आहे. पाचवी-सहावीचं गणित येत असेल तर ती कोणालाही जमते. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या कितीतरी घरांत याच अंदाजावर मोठे निर्णय होतात. कोणी उसाच्या बिलातले पैसे बाजूला काढतं, कोणी जमिनीचा तुकडा विकायला काढतं, तर कोणी "आपलं काय होणार नाही" म्हणून अर्जच भरत नाही. म्हणून आजचा पाठ नीट सावकाश वाचा. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

१. पात्र होणं वेगळं, जागा मिळणं वेगळं

बीडीएस म्हणजे दंतवैद्यकाची पदवी. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. देशातल्या कुठल्याही कॉलेजात बीडीएसला जायचं तर नीट लागतेच, मग कॉलेज सरकारी असो, खाजगी असो की अभिमत विद्यापीठाचं. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेलासुद्धा नीट लागते. "नीटशिवाय करून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथंच हात जोडावेत.

नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. फिजिक्सचे ४५ प्रश्न, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायोलॉजीचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो, सोडलेल्या प्रश्नाला शून्य.

आता 'पात्र' हा शब्द समजून घेऊ. खुल्या प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाइल आणि राखीव प्रवर्गासाठी ४० पर्सेंटाइल लागतात. इथं पालकांची गफलत होते. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या पन्नास जणांच्या बरोबरीनं किंवा पुढं असणं, असा त्याचा साधा अर्थ. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ गुणांवर होती. १४४ भागिले ७२० म्हणजे फक्त २० टक्के!

म्हणून "पोरगा नीट पास झाला" म्हणून लगेच पेढे वाटू नका. २०२५ मध्ये परीक्षेला सुमारे २२ लाख ९ हजार मुलं बसली आणि त्यातली १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. देशभरातल्या एमबीबीएस आणि बीडीएसच्या जागा एकत्र केल्या तरी त्या दीड लाखाच्या आसपास भरतात. म्हणजे एका जागेमागं साधारण आठ पात्र मुलं. पात्रता हा एसटीच्या स्टँडवर जायचा रस्ता आहे, सीट मिळणं ही पुढची गोष्ट.

बारावीच्या गुणांचंही पाहून घ्या. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. नीटच्या नादात बोर्डाकडं दुर्लक्ष करून चालत नाही.

२. गुण नको, रँक पहा

"मागच्या वर्षी अमक्याला इतक्या मार्काला मिळालं, मग मला का नाही?" हा सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न आहे. खाली तीन वर्षांची खुल्या प्रवर्गाची पात्रता पहा.

२०२३ : १३७ गुण
२०२४ : १६२ गुण
२०२५ : १४४ गुण

पहिल्या क्रमांकाचंही तसंच. २०२४ च्या अंतिम निकालात सतरा जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. मुलं एका वर्षात हुशार आणि दुसऱ्या वर्षात ढ झाली का? नाही. पेपरची काठिण्यपातळी बदलली. पेपर अवघड असला की सगळ्यांचेच गुण खाली येतात. त्यामुळं २०२४ चे ४५० आणि २०२५ चे ४५० यांची किंमत सारखी नाही.

रँक मात्र फारशी फसवत नाही. तुमच्या पुढं किती मुलं आहेत हे ती सांगते आणि जागा त्याच क्रमानं भरतात. म्हणून कोणाशीही तुलना करताना गुणांशी गुण जुळवू नका, रँकशी रँक जुळवा.

आपल्याकडं दोन रँक असतात. एक अखिल भारतीय रँक, जी नीटच्या निकालपत्रावर छापलेली असते. दुसरी राज्य गुणवत्ता क्रमांक, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रवेशासाठी नोंदणी केलेल्या मुलांमधला तुमचा नंबर. अखिल भारतीय रँक अडीच लाख दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. त्या अडीच लाखांतले बहुतेक उत्तर प्रदेश, राजस्थान, केरळ असे कुठले कुठले असतात. ते तुमच्या राज्य कोट्याच्या जागेला हात लावत नाहीत.

३. जागा कुठं आहेत?

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. ते काम दिल्लीची समिती, म्हणजे एमसीसी करते. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलमार्फत भरतात. खाजगी कॉलेजांतही ८५ टक्के जागा सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधून जातात आणि १५ टक्के संस्थास्तरावरच्या असतात. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश एमसीसीकडून होतात.

सरकारी डेंटल कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मुंबईला सरकारी कॉलेज आहे, शिवाय महापालिकेचं नायर डेंटल आहे. नागपूरला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात बारामतीला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, पण सरकारी डेंटल जिल्ह्यात नाही. पुण्यातली डेंटल कॉलेजं दोन प्रकारची आहेत. सिंहगड किंवा आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला यांसारखी खाजगी कॉलेजं, आणि भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील अशी अभिमत विद्यापीठाखालची. दुसऱ्या प्रकारात राज्याचा कोटा नसतो आणि फीही बरीच जास्त असते. शिरूरहून रस्त्यानं किंवा दौंडहून रेल्वेनं जवळ पडतं म्हणून सगळी पुणेरी कॉलेजं एकाच यादीत टाकू नका. आधी कोणतं कुठल्या प्रकारात येतं ते लिहून काढा.

अजून एक. २०२० पर्यंत राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. आपल्या विभागातल्या मुलांना विभागातल्या कॉलेजांत ७० टक्के जागा असायच्या. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. आता सगळ्या महाराष्ट्राची एकच यादी. त्यामुळं तुम्हाला कोणी २०१९ चा कटऑफ दाखवला तर तो आज कामाचा नाही. लातूर-नांदेडची मुलं आता पुण्याच्या जागेला तुमच्याइतकीच हक्कदार आहेत, तसेच तुम्ही लातूर-अमरावतीच्या जागेला.

४. अंदाज काढायची रीत

आता मुख्य भाग. सीईटी सेल दरवर्षी प्रत्येक राऊंडनंतर निवड यादी जाहीर करतं. त्यात विद्यार्थ्याची रँक, प्रवर्ग, मिळालेलं कॉलेज आणि कोणत्या कोट्यातून मिळालं हे सगळं असतं. मागच्या दोन वर्षांच्या याद्या मिळवा आणि असं करा.

पायरी १ : तुम्हाला चालतील अशी आठ-दहा कॉलेजं वहीत एकाखाली एक लिहा.
पायरी २ : प्रत्येक कॉलेजपुढं तुमच्या प्रवर्गातून पहिल्या राऊंडला प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाची रँक लिहा.
पायरी ३ : त्याच्याच पुढं शेवटच्या राऊंडची शेवटची रँक लिहा.
पायरी ४ : आपली रँक या दोन आकड्यांशी ताडून पहा.

रँक जितकी लहान तितकी चांगली, हे विसरू नका. आता तीन कप्पे करा.

पहिल्या राऊंडच्या शेवटच्या रँकपेक्षा तुमची रँक चांगली असेल तर कॉलेज 'पक्क्या' कप्प्यात.
पहिल्या आणि शेवटच्या राऊंडच्या मध्ये असेल तर 'काठावर'.
शेवटच्या राऊंडच्याही मागं असेल तर 'आशेवर'.

उदाहरण घेऊ. (आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, कोणत्याही कॉलेजचे खरे कटऑफ नाहीत.) समजा तुमची रँक २,४०,००० आहे.

कॉलेज अ : पहिला राऊंड १,९५,०००, शेवटचा २,३०,०००
कॉलेज ब : पहिला राऊंड २,२५,०००, शेवटचा २,७०,०००
कॉलेज क : पहिला राऊंड २,६०,०००, शेवटचा ३,४०,०००

अ आशेवर, ब काठावर, क पक्कं. झालं! दहा कॉलेजांना ही रीत लावली की तुमच्या शक्यतेचं चित्र तुमच्याच वहीत तयार होतं. दोन्ही वर्षी एकच उत्तर येत असेल तर त्यावर भरवसा ठेवा. वेगवेगळं येत असेल तर वाईट वर्षाचं उत्तर धरा.

पहिल्या आणि शेवटच्या राऊंडमध्ये इतका फरक का पडतो? एमबीबीएस आणि बीडीएसचा अर्ज एकाच गटात भरला जातो. पहिल्या राऊंडला बीडीएस मिळालेल्यांपैकी काहींना पुढं एमबीबीएस मिळतं, काही जण आयुर्वेदाकडं वळतात, काही पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवतात. त्यांच्या जागा रिकाम्या होतात आणि यादी खाली सरकते. म्हणून पहिल्या यादीत नाव नाही म्हणून रडत बसायचं कारण नसतं. देशपातळीवर बीडीएसच्या जागा रिकाम्या राहण्याचे प्रकारही झालेत. २०२०-२१ च्या प्रवेशात इतक्या जागा रिकाम्या राहिल्या की फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बीडीएससाठी पात्रता १० पर्सेंटाइलनं खाली आणायला सांगितली. पण यावर विसंबून अभ्यास सैल सोडू नका. रिकाम्या राहतात त्या बहुतेक महागड्या खाजगी जागा, सरकारी नव्हेत.

५. परीक्षा अजून व्हायची असेल तर

अकरावी-बारावीतल्या मुलांकडं रँक नसते. त्यांनी सराव परीक्षांवरून अंदाज घ्यावा. पण एक नियम पाळा, सगळ्यात चांगला पेपर धरू नका. समजा शेवटच्या पाच पूर्ण पेपरांत ३८२, ४१५, ४६८, ४०१, ३९५ असे गुण पडले. घरी सांगताना आपण ४६८ सांगतो. चढत्या क्रमानं मांडा : ३८२, ३९५, ४०१, ४१५, ४६८. मधला आकडा ४०१. तो तुमचा खरा आकडा.

पेपर पूर्ण अभ्यासक्रमाचा, सलग तीन तासांचा आणि ओएमआर शीटवर सोडवलेला असावा. एका धड्याच्या टेस्टचे गुण इथं चालत नाहीत. आणि चुकांचा हिशोब ठेवा. १५० प्रश्न सोडवले, ११० बरोबर, ४० चूक. ११० गुणिले ४ म्हणजे ४४०, त्यातून ४० वजा, उरले ४००. यातले वीस चुकीचे प्रश्न पुढच्या वेळी बरोबर आले तर प्रत्येकी ५ गुणांचा फरक पडतो. चार मिळतात आणि एक वाचतो. वीस प्रश्नांचे झाले १०० गुण. कुठं मेहनत घ्यायची ते यावरून कळतं.

६. रँक असूनही जागा जाते ती कागदांमुळं

आपल्याकडं हे फार होतं, म्हणून जरा कडक सांगतो.

नीटचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर सीईटी सेलकडं वेगळी नोंदणी करावी लागते. अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठं हवी असतील तर एमसीसीकडंही वेगळी.

राज्य कोट्यासाठी अधिवास दाखला लागतो, आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं हा सर्वसाधारण नियम आहे. आरक्षण घ्यायचं असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ओबीसी, एसईबीसी, विमुक्त आणि भटक्या जमातींना नॉन क्रिमीलेअरही लागतं, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. ते चालू वर्षाचं हवं. ईडब्ल्यूएसचा दाखला तर दरवर्षी नवा.

राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, ओबीसींना १९, एसईबीसींना १० आणि ईडब्ल्यूएसला १० टक्के असं मूळ प्रमाण आहे. विमुक्त-भटक्यांचे चार गट वेगळे. सरकारी आणि खाजगी कॉलेजांत हे जसंच्या तसं लागू होईल असं समजू नका. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला जागांचा तक्ता पहा. मुलींसाठीच्या ३० टक्के समांतर आरक्षणाची नोंदही त्यात पहा.

वैधतेचा प्रस्ताव पुण्याच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडं जातो. आजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंदी असे जुने कागद शोधण्यातच महिने जातात. म्हणून अकरावीत असतानाच प्रस्ताव टाका. जुलैमध्ये सेतूच्या रांगेत उभं राहून ते होत नाही. वैधता नसेल तर तुम्ही त्या यादीत खुल्या प्रवर्गात मोजले जाता आणि वर काढलेला सगळा अंदाज बदलतो.

७. परवडेल का, हाही शक्यतेचाच भाग

नंबर लागला आणि फी भरता आली नाही तर तो नंबर काय कामाचा? खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. वर्षाची फी गुणिले चार, अधिक होस्टेल, मेस, पुस्तकं आणि मुलांना स्वतः घ्यावी लागणारी उपकरणं. ही बेरीज प्रवेशाआधी घरात सगळ्यांसमोर करा. आणि पाच वर्षांनी स्वतःचा दवाखाना टाकायचा तर खुर्ची, एक्स-रे, गाळ्याचं भाडं हे पुढं आहेच.

दिलासाही आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा.

पण मुलींची ही सवलत मिळते ती सरकारी कॅप राऊंडमधून घेतलेल्या जागेला. संस्थास्तरावरच्या जागेला आणि खाजगी अभिमत विद्यापीठाला ती नाही. आता विचार करा. एखादा एजंट येऊन म्हणतो, "कॅपची वाट कशाला बघता, मॅनेजमेंटची सीट लगेच करून देतो." शेवटच्या राऊंडला कदाचित कॅपमधूनच मिळाली असती अशी मुलगी त्याच्या नादानं संस्थेच्या जागेवर जाते, आणि माफ झालेली फी बापाच्या सातबाऱ्यावर चढते. देणगी घेणं आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्यानं बंद आहे. पावती न देता कोणी पैसे मागत असेल तर तो व्यवहार करू नका.

८. पसंतीक्रम आणि पुढचं वर्ष

पसंतीक्रम भरताना 'मिळेल ते वर' असं करू नका, 'हवं ते वर' असं करा. यंत्रणा राज्य क्रमांकानुसार एकेकाला घेते आणि त्याच्या यादीत वरून खाली पाहत जाते. आशेवरचं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकल्यानं पक्क्या कॉलेजातली तुमची संधी कमी होत नाही. मात्र जिथं जायचंच नाही ते कॉलेज यादीत टाकू नका, कारण मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या राऊंडचा हक्क जाऊ शकतो. प्रवेश घेताना 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म भरलात तर "मला हीच जागा कायम हवी" असा त्याचा अर्थ होतो. न वाचता सही नको.

रिपीट करायचं का, हे निकालाच्या रात्री ठरवू नका. वहीतली बहुतेक कॉलेजं काठावर असतील तर शेवटच्या राऊंडपर्यंत थांबा. सगळीच आशेवर असतील, आणि चुकांच्या हिशोबात सुधारायला खरोखर जागा दिसत असेल, तर एक वर्ष द्यायला हरकत नाही. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर आयुर्वेद, होमिओपॅथी नीटवरच आहे, आणि फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी आहे. ती परीक्षा पहिल्याच वर्षी देऊन ठेवावी.

स्वाध्याय

१) १६२ गुण म्हणजे ७२० पैकी किती टक्के?
२) १६० प्रश्न सोडवले, ३० चुकले. गुण किती?
३) तुमची रँक २,५०,००० आहे. एका कॉलेजची पहिल्या राऊंडची शेवटची रँक २,४५,००० आणि शेवटच्या राऊंडची २,९०,००० आहे. कॉलेज कोणत्या कप्प्यात?
४) आपल्या घरातले कोणते दाखले आज तयार आहेत आणि कोणते नाहीत? यादी करा.

उत्तरं : १) २२.५ टक्के. २) १३० गुणिले ४ म्हणजे ५२०, वजा ३०, म्हणजे ४९०. ३) काठावर. ४) हे उत्तर तुमच्या कपाटात आहे, आजच उघडून बघा.

आपल्या गावांत आजही कितीतरी बाया-माणसं मिश्री लावतात, तंबाखू खातात आणि दाढ ठणकली की लवंग धरून दिवस काढतात. तिथं दाताचे डॉक्टर हवेतच, आणि ते आपल्याच मुलांमधून झाले तर लोकांशी त्यांच्या बोलीत बोलतील. तेव्हा वही काढा, कॉलेजांची नावं लिहा आणि पहिला आकडा आजच भरा.